पाणसळ

तळमजल्यावरच्या काकांनी काल चारचौघांत माझ्या ड्रोनला 'खेळणं' म्हटलं. वर त्याच्यावर कॅरमची पावडर उडवली. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

झालं एवढंच की कॅमेऱ्याचं गिंबल बिघडलं. गिंबल म्हणजे कॅमेऱ्याची मान. आत तीन चिमुकल्या मोटर्स असतात, ड्रोन वाऱ्यात कितीही डुलला तरी त्या कॅमेरा सरळ धरून ठेवतात. माझ्या मोटर्सनी बहुधा संप केला होता. ठाण्यात उडवायचं धाडस नाही, कोलशेतला हवाई दलाचं ठाणं आहे. म्हणून रविवारी मुरबाडला, गोरखगडाच्या पायथ्याशी गेलो. रात्री टीव्हीवर लावलं तर क्षितिज तिरकं आणि मच्छिंद्रगड शेजारच्या गोरखगडाच्या खांद्यावर रेललेला. "डोंगरांनीही घेतलीय वाटतं," बायको म्हणाली.

अ‍ॅप म्हणालं, कॅलिब्रेशन करा. ड्रोन सपाट जागेवर ठेवा, हात लावू नका.

सपाट! वर्तकनगरातल्या आमच्या बिल्डिंगीत? डायनिंग टेबलाच्या एका पायाखाली कुणाची तरी लग्नपत्रिका आहे. त्यांचा मुलगा आता चौथीत गेला. बाल्कनीला ढाळ. गच्चीलाही ढाळ, पण उलटा. पावसाचं पाणी जाळीकडे जायचं सोडून लिफ्टच्या खोलीकडे जातं. त्यासाठी वॉटरप्रूफिंगचे घरटी बावीस हजार भरलेत, पावती अजून मिळायची आहे, आणि आमच्या बेडरूमच्या छतावर ओल आहे ती आहेच. असो. नाही, असो कशाला? बावीस हजार!

तर अख्ख्या इमारतीत सपाट अशी एकच वस्तू, खाली पार्किंगमधला कॅरम बोर्ड. तिथे संध्याकाळी पाच ते आठ चार ज्येष्ठ नागरिक बसतात. तळमजल्यावरचे काका त्यांचे म्होरके. सरकारी ओव्हरसीअर म्हणून रिटायर झालेले.

"काका, पाच मिनिटं बोर्ड मिळेल का?"

"क्वीन घेतलीय. कव्हर व्हायचंय."

मी वीस मिनिटं उभा. क्वीन कव्हर झाली नाही, परत बोर्डावर आली. मग त्यांनाच दया आली. मी ड्रोन मधोमध ठेवला.

"थांब," म्हणत काका घरात गेले आणि पाणसळ घेऊन आले. बोर्डावर आडवी ठेवली, उभी ठेवली, एक डोळा मिटला. "बुडबुडा मधे नाही. सुतभर उतार आहे."

"सुतभर चालेल, काका."

"चालेल म्हणूनच तुमची गच्ची गळते." तुमची! हे स्वतः तळमजल्यावर राहतात.

शेवटी एका पायाखाली पेपरची घडी गेली, बुडबुडा मधे आला. कॅलिब्रेशन सुरू झालं. कॅमेरा मान वर करतो, खाली करतो, डावीकडे बघतो. ऐंशी टक्क्यांवर असताना दुसऱ्या काकांनी सवयीने स्ट्रायकर मारला. फेल. पुन्हा केलं, पूर्ण झालं, आणि मोबाइलच्या पडद्यावर पार्किंगचे खांब अजूनही तिरकेच.

"वजन किती रे याचं?"

"दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. अडीचशेपर्यंत नॅनो, लायसन लागत नाही."

"म्हणजे पावशेर खेळणं." चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते उचललं, नाकाशी नेलं. "हा रबर निघालाय."

खरंच निघाला होता. गिंबल ज्या बारीक रबरी मण्यांवर लटकतं, त्यातला एक भोकातून सुटला होता. मी दोन दिवस अ‍ॅप अपडेट करत होतो, रिसेट मारत होतो. सर्व्हिस सेंटरवाल्याने तर न बघताच फोनवर "पूर्ण गिंबल बदलावं लागेल" म्हणून ड्रोनच्या निम्म्या किमतीचा आकडा सांगितला होता. काकांनी खिशातून दात कोरायची काडी काढली (वापरलेली होती का, हे मी विचारलं नाही), रबर आत ढकलला, खाली ठेवला आणि बोटांची पावडर त्याच्यावरच फुंकली.

खांब सरळ झाले. टाळ्यासुद्धा पडल्या. काकांसाठी.

"आता हे उडव," काका सोंगट्या लावत म्हणाले, "आणि गच्ची नेमकी कुठून गळते त्याचा फोटो काढ."

मी हवाई दलाचं सांगितलं. शिवाय गच्चीवर जायला जिना आहे, हेही.

"मग उपयोग काय याचा?" म्हणाले, आणि स्ट्रायकर मागितला. तो माझ्याच हातात राहिला होता.