सही कोणी मागावी?

आज सकाळी आमच्या खानापूर तालुक्यातल्या व्हॉट्सॲप गटावर एकाने मोठ्या अभिमानाने लिहिले की, ज्या दवाखान्यात संशोधन चालते तिथले डॉक्टर अधिक जाणते असतात, तेव्हा पेशंटने अभ्यासात सामील होण्याच्या संमतीच्या कागदावर डोळे मिटून सही करावी. या डोळे मिटण्याचाच मला संताप आला आहे.

बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्याने माझ्या आत्याला मधुमेहाच्या नव्या औषधाच्या अभ्यासात घेतले. सही मागितली ती तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच. "त्यांना नाही कसं म्हणायचं रे? गेल्या खेपेला त्यांनीच वाचवलं मला," असे ती मला म्हणाली. म्हणजे तिने संमती दिली ती औषधाला नव्हे, उपकाराला. आपल्याला जास्त चांगले औषध मिळते आहे, अशी तिची ठाम समजूत आहे. अशा अभ्यासात कोणाला नवे आणि कोणाला जुने औषध द्यायचे हे बहुधा चिठ्ठी टाकावी तसे ठरते आणि खुद्द डॉक्टरांनाही ते अनेकदा ठाऊक नसते, हे तिच्या गावीही नाही. कागद कन्नड आणि इंग्रजीत, आत्या शिकलेली मराठी शाळेत. पेशंटला समजेल अशा भाषेतच माहिती द्यावी, असे २०१९ चे केंद्राचे नियम सांगतात.

संशोधन नकोच, असे मी म्हणत नाही. याच बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला, खेड्यांतल्या नर्सबाईंनी निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉल हे रक्तस्राव रोखणारे औषध आणि निम्म्या जणींना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, आणि बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांच्या जागी ६.४ टक्के भरले. त्याचे मोल मी नाकारत नाही.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. अभ्यासात गेल्यापासून आत्याला तपासणीची तारीख फोन करून कळवली जाते, रक्ताच्या तपासण्या फुकट होतात, डॉक्टर तिच्याशी निवांत बसून बोलतात. तिच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून माझा राग थोडा निवळतो. पण मग बाहेर बाकावर ताटकळणाऱ्या, कोणत्याच अभ्यासात नसलेल्या पेशंटच्या वाट्याला हे का येत नाही, या विचाराने तो पुन्हा उसळतो.

माझे म्हणणे इतकेच आहे की, जो उपचार करतो त्याने सही मागू नये. ते काम उपचाराशी संबंध नसलेल्या माणसाने करावे, कागद घरी नेऊ द्यावा आणि चार दिवस विचार करू द्यावा. सही केलेल्या कागदाची प्रत पेशंटला देणे नियमानेच बंधनकारक आहे. आत्याकडे ती नाही. अभ्यास संपल्यावर ते औषध पुढे मिळणार का आणि कोणाच्या खर्चाने, हेही तिला अजून कोणी सांगितलेले नाही.