साउथ टेरासची शीर आणि चिखल्याचा थर

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील साउथ टेरास या युरेनियमच्या खाणीवरील तुमच्या लेखात, ती लहानच का राहिली हे यायला हवे होते. आमच्या तुमसर तालुक्यातील चिखल्याचे मँगनीज मूळचे गाळाचे, पुढे रूपांतरित झालेले, म्हणून ते थरांबरोबर दूरवर जाते. साउथ टेरासचे पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचे खनिज, मात्र ग्रॅनाइटलगतच्या खडकांच्या भेगांत उष्ण द्रावणांतून साचले, त्यामुळे अरुंद शीर संपली की खनिजही संपले. प्रारंभी ते काच व चिनी मातीच्या भांड्यांच्या रंगांसाठी जाई. 1898 मध्ये क्युरी दांपत्याने पिचब्लेंडमध्ये रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य शोधल्यावर त्याच दगडाचे मोल पालटले. खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यांविषयीचा लेखातील परिच्छेद मला फारच त्रोटक वाटला. आम्ही चिखल्याच्या खाणीजवळची मुले अशाच ढिगाऱ्यांवर खेळलो, पण ते मँगनीजचे होते. युरेनियम काढून घेतलेल्या दगडात सुमारे 1,600 वर्षे अर्धायुष्य (निम्मे उरण्यास लागणारा काळ) असलेले रेडियम मागे राहते आणि त्यातून किरणोत्सारी रेडॉन वायू निघत राहतो.