"६० सेकंद बटण दाबा, नाहीतर मदरबोर्ड गेला": बंद पडलेल्या लॅपटॉपबद्दलच्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

चालू न होणाऱ्या लॅपटॉपवर एक संदेश फिरत असतो. शब्द इकडेतिकडे बदलतात, मजकूर साधारण असा: "लॅपटॉप चालू होत नसेल तर चार्जर काढा आणि पॉवर बटण ६० सेकंद दाबून धरा. आत साठलेला करंट निघून जातो आणि दहापैकी नऊ लॅपटॉप चालू होतात. नाही झाला तर रॅम काढून खोडरबराने घासा. तरीही नाही, तर बॅटरी पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. शेवटचा उपाय म्हणजे मदरबोर्डवर हेअर ड्रायरची गरम हवा मारा. एवढं करूनही काही झालं नाही तर मदरबोर्ड गेला. डेटा विसरा, नवीन घ्या."

पहिला उपाय अर्धा बरोबर आहे. दुसरा कधीकधी लागू पडतो. पुढचे दोन नुकसान करतात. शेवटचं वाक्य सगळ्यांत वाईट, कारण त्याच्या भरवशावर दुरुस्त होण्यासारखी यंत्रं भंगारात जातात आणि त्यांच्यासोबत शाबूत असलेला डेटाही.

एक प्रश्न मात्र हा संदेश विचारतच नाही: "चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? बटण दाबल्यावर एकही दिवा लागत नाही, पंखा हलत नाही, ही एक गत. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. कंपनीचं चिन्ह दिसतं आणि गाडी तिथेच अडते, ही तिसरी. पहिल्या गतीत वीज कुठेतरी अडली आहे. दुसरीत रॅम, पडदा किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करून देणारं, बोर्डवरच्या चिपेत असलेलं मूळ सॉफ्टवेअर) यांच्यावर संशय घ्यावा. तिसरीत यंत्र चालूच झालेलं असतं, अडचण डिस्कची किंवा विंडोजची असते. या तिघांना एकच औषध द्यायचं, इथेच संदेशाची पहिली चूक होते.

चार्जर तपासायला तर हा संदेश सांगतच नाही, तो फक्त काढायला सांगतो. खरी सुरुवात तिथूनच करायला हवी. अ‍ॅडॉप्टरच्या ठोकळ्यात भिंतीकडची वायर जिथे खोचतात तो जोड बऱ्याचदा सैल झालेला असतो. वायर काढून पुन्हा घट्ट बसवा आणि सॉकेट दुसरं वापरून बघा. गोल पिनेचा अ‍ॅडॉप्टर असेल तर मल्टिमीटर (वीज मोजायचं हातातलं यंत्र) डीसी व्होल्टवर ठेवून पिनेवर मोजा. ठोकळ्यावर छापलेला आकडा, म्हणजे बहुधा १९, १९.५ किंवा २० व्होल्ट, त्याच्या आसपास दिसला पाहिजे. डेल आणि एचपीच्या बऱ्याच पिनांच्या मधोमध सुईसारखा बारीक काटा असतो. तो वीज देणारा नसतो, अ‍ॅडॉप्टरची ओळख सांगणारा असतो. त्यामुळे तिथे मोजताना एक टोक पिनेच्या आतल्या भिंतीला आणि दुसरं बाहेरच्या भिंतीला लावायचं. हा काटा वाकला किंवा तुटला की लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरला ओळखत नाही आणि बॅटरी चार्ज करत नाही. मग एक दिवस बॅटरी पूर्ण संपते आणि लॅपटॉप "अचानक" बंद पडल्यासारखा वाटतो.

मल्टिमीटरवर आकडा बरोबर आला म्हणून अ‍ॅडॉप्टर निर्दोष ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हातारा अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना १९.५ दाखवतो आणि लॅपटॉपचा भार पडला की बसतो. तितक्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त वॉटचा आणि तशाच पिनेचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघणं हीच पक्की परीक्षा.

टाइप-सी चार्जरचा हिशोब वेगळा आहे. नुसत्या वायरीच्या टोकाला मीटर लावलं तर शून्य येतं, आणि लोक चार्जर फेकून देतात. पलीकडे कोणी जोडलेलं आहे हे कळेपर्यंत हा चार्जर वीज सोडतच नाही. जोडल्यावर आधी ५ व्होल्ट देतो, मग लॅपटॉपशी बोलणी करून ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो. मध्ये लावायचं छोटं यूएसबी मीटर मिळतं, ते इथे फार कामाचं आहे. आकडा ५ वरच अडकला तर बोलणी फसली असं समजा. दोष चार्जरचा, वायरीचा, पोर्टचा किंवा पोर्टमागच्या चिपचा असू शकतो. आधी वायर बदला. मोबाइलचा १० वॉटचा चार्जर लावून "टाइप-सीच तर आहे" म्हणू नका, बरेच लॅपटॉप त्याची दखलही घेत नाहीत.

"६० सेकंद दाबा, साठलेला करंट निघून जातो"

दाबून धरल्याने फायदा होतो हे खरं, पण कारण चुकीचं सांगितलं आहे आणि त्यामुळे कृतीही अर्धवट राहते. मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य बोर्डवर, एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. पॉवर बटण तिलाच खबर देतं आणि बाकीची वीज कोणत्या क्रमाने सोडायची ते तीच ठरवते. ही चिप अडकली की तुम्ही बटण कितीही वेळा दाबा, ऐकणारंच कोणी नसतं. बटण बराच वेळ दाबून धरल्यावर अनेक मॉडेलांत ही चिप नव्याने सुरू होते. उपाय लागू पडतो तो यामुळे. साधारण ४ सेकंद दाबलं तर नुसता सक्तीने बंद होतो. रीसेटला मॉडेलप्रमाणे १० ते ३० सेकंद लागतात. ६० सेकंदांत खास काही नाही.

आता अर्धवट कुठे राहते ते बघा. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपांची बॅटरी आत बसवलेली असते. चार्जर काढला तरी बॅटरीची वीज त्या चिपला मिळतच राहते, म्हणजे "सगळा करंट" निघून जात नाहीच. बऱ्याच थिंकपॅडांच्या तळाशी टाचणीएवढं रीसेटचं छिद्र असतं. चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबायची. छिद्र नसेल तर तळाचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढावा लागतो. वायरी ओढू नका. कनेक्टरच्या दोन्ही कडांना प्लॅस्टिकची पट्टी लावून तो थोडा थोडा सरकवा. काहींवर आधी उचलायची दांडी असते, ती बघून घ्या. कनेक्टर निघाल्यावर बटण १५ सेकंद दाबा, मग बॅटरी न जोडता फक्त चार्जर लावून चालू करून बघा. बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. तसा चालू झाला तर दोष बॅटरीचा.

आणि लॅपटॉप काही महिने पडून असेल तर घाई करू नका. लिथियम-आयन सेल ३ व्होल्टच्या खाली उतरला की चार्जर त्याला आधी अगदी थोडा करंट देतो आणि तो वर आल्यावरच पूर्ण चार्जिंग सुरू करतो. चार्जर लावून अर्धा-एक तास थांबा, मग बटण दाबा.

"रॅम काढून खोडरबराने घासा"

एकही दिवा लागत नसेल तर रॅमचा इथे काही संबंध नाही. चार्जिंगचा दिवा रॅमची पाळी येण्याच्या कितीतरी आधी लागतो. दिवा आणि पंखा चालू, पडदा काळा, अशी दुसरी गत असेल तेव्हाच रॅमकडे वळा. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दिवा पिवळा २ वेळा आणि पांढरा ३ वेळा लुकलुकला तर रॅम सापडत नाही असा अर्थ असतो, २ आणि ४ म्हणजे रॅम सदोष, २ आणि ७ म्हणजे पडद्यात बिघाड. इतर कंपन्यांचे असेच संकेत असतात, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत मिळतात. लॅपटॉप स्वतः तोंडाने दुखणं सांगत असताना आधी ते ऐकावं.

रॅम काढण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढलेला असलाच पाहिजे. लॅपटॉप झोपलेल्या अवस्थेत असेल तर रॅमला वीज पुरवणाऱ्या लाइनवर वीज असते. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सरकवल्या की रॅमची पट्टी तिरपी वर येते, तशीच तिरपी ओढून घ्या. पट्टीच्या संपर्कांवरचा सोन्याचा थर फारच पातळ असतो आणि सोन्याला गंज चढत नाही. काढायचं असतं ते बोटांचं तेल आणि धूळ. खोडरबर त्यासोबत सोनंही खरवडतं आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसा, वाळू द्या, पुन्हा तिरपी घालून दोन्ही क्लिपांचा "टक" असा आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, एकेक स्लॉट तपासा.

मग थांबा. रॅम हलवल्यावर पहिल्या वेळी बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, आणि नव्या पिढीच्या डीडीआर५ रॅमबरोबर याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. याच वेळी माणूस कंटाळून बटण दाबून धरतो आणि "रॅम बदलूनही काही झालं नाही" असा निष्कर्ष काढतो.

काळ्या पडद्यासाठी आणखी तीन साध्या गोष्टी. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरपा मारा. अंधूक चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेला आहे. बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. आणि लॅपटॉपच्या आसपास लोहचुंबक तर नाही ना, हे बघा. झाकण मिटलं की नाही हे बहुतेक लॅपटॉप चुंबकाच्या सेन्सरने ओळखतात. चुंबकी बक्कल असलेला घड्याळाचा पट्टा मनगटाखाली सेन्सरच्या जागी टेकला, किंवा लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवला, की तो झाकण मिटलं असं समजून पडदा बंद करतो.

"बॅटरी फ्रीझरमध्ये ठेवा"

हे करू नका. थंड जागी ठेवलेली बॅटरी हळू म्हातारी होते, इतकंच खरं. मेलेला सेल थंडीने जिवंत होत नाही. बाहेर काढल्यावर सर्किटवर दव धरतं, आणि ० अंश सेल्सियसच्या खाली चार्ज केलं तर लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतं. त्यातून सेलच्या आत शॉर्ट होऊ शकतो, आणि तो पुढे आगीपर्यंत जातो. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळाचं झाकण फुगलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. तिच्यावर कोणताच घरगुती उपाय नाही, ती बदलायची.

"हेअर ड्रायरने मदरबोर्ड गरम करा"

चिपेखालचे सुटलेले टाके, म्हणजे सोल्डरचे जोड, गरम केल्याने पुन्हा जुळतात, ही यामागची समजूत. हल्लीचं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, जुनं शिशाचं १८३ अंशांना. हेअर ड्रायर तिथवर पोचत नाही. वितळते ती प्लॅस्टिकची चौकट, वाकतात त्या कीबोर्डच्या पट्ट्या. गरम केल्यावर एखादा लॅपटॉप खरंच चालू होतो, पण का? बऱ्याचदा दोष बोर्डवरच्या टाक्यांत नसतो, चिपेच्या आत सिलिकॉन आणि तिची बैठक यांच्यामधल्या सूक्ष्म जोडांत असतो. उष्णतेने ते फुगून तात्पुरते टेकतात आणि थोड्याच काळात पुन्हा सुटतात. ही दुरुस्ती नव्हे.

पाणी किंवा चहा सांडला म्हणून ड्रायर हाती घेतला असेल तर त्यापेक्षा तातडीचं काम दुसरं आहे: चार्जर काढा, बटण दाबून सक्तीने बंद करा आणि बॅटरीचा कनेक्टर काढा. ओल्या बोर्डवर वीज राहिली की तांबं काही तासांत गंजून झिजायला लागतं. "चालू होतो का बघू" म्हणून मध्येच बटण दाबू नका.

"मग मदरबोर्ड गेला"

मदरबोर्ड म्हणजे शेकडो सुट्या भागांची जोडणी, त्यातला एक जातो. एक चाचणी घरी करता येते. अ‍ॅडॉप्टरवर दिवा असेल तर तो भिंतीत लावा, दिवा लागेल. आता पिन लॅपटॉपमध्ये घाला. दिवा विझला किंवा लुकलुकू लागला तर चार्जिंगच्या जॅकमध्ये किंवा बोर्डवर शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवतो आहे. पिन लगेच काढा आणि हे निरीक्षण दुरुस्ती करणाऱ्याला सांगा. अशा वेळी बहुधा तिळाएवढा एखादा सिरॅमिक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) शॉर्ट झालेला निघतो. जाणकार त्या लाइनला १ व्होल्टच्या आसपास वीज देतात आणि बोर्डवर अल्कोहोल पसरतात. जिथलं अल्कोहोल आधी उडतं तिथे गरम झालेला भाग सापडतो. तो काढला की लाइन मोकळी होते.

बायोसचा अपडेट मध्येच तुटला तरीही लॅपटॉप मेल्यासारखा वागतो. बऱ्याच एचपींत विंडोजचं बटण आणि बी एकत्र धरून पॉवर दाबल्यास, आणि बऱ्याच डेलांत कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावल्यास, बायोस परत बसवण्याची सोय उघडते. तेही झालं नाही तर बायोस साठवलेली ८ पायांची चिप प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने पुन्हा लिहिता येते.

प्रोसेसरच शॉर्ट झाला असेल किंवा मोठ्या चिपांखाली गंज शिरला असेल तर दुरुस्ती परवडत नाही, हे मान्य. पण "बोर्ड गेला" असं ऐकल्यावर विचारा: कोणती लाइन शॉर्ट आहे? वीज कुठपर्यंत पोचते? मोजून बघितलेल्या माणसाकडे याचं उत्तर असतं.

"डेटा विसरा"

डेटा बहुतेक लॅपटॉपांत वेगळ्या डिस्कवर असतो. एम.२ एसएसडी (पट्टीसारखी छोटी डिस्क) एका स्क्रूने धरलेली असते, स्क्रू काढला की टोक वर येतं. ती बाहेरच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडायची. डबी घेताना डिस्क एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे दोन प्रकार) ते बघून घ्या: साधारणपणे एनव्हीएमईच्या कडेला एक खाच असते, साटाच्या दोन. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, खातं दुसऱ्या संगणकावरून उघडून शोधा.

हल्लीच्या मॅकबुकमध्ये मात्र साठवण बोर्डवरच असते आणि त्याच बोर्डच्या चिपेशी कुलूपबंद असते. तिथे बोर्ड बदलला की डेटा गेलाच. म्हणून बॅकअप नसेल तर बोर्ड बदलायला होकार देऊ नका, आहे तोच बोर्ड दुरुस्त करून डेटा काढून देणारा माणूस आधी शोधा, आणि जुना बोर्ड कोणत्याही परिस्थितीत परत मागून घ्या.