मऊ सीट म्हणजे आरामदायी सीट नव्हे

मोटरसायकलवर तास-दीड तास झाला आणि बसणे असह्य होऊ लागले की बहुतेक चालक अधिक मऊ सीटच्या शोधाला लागतात, आणि दुकानात ती अंगठ्याने दाबून पाहतात. अंगठा सहज रुतला की सीट पसंत पडते. माझ्या मते ही परीक्षाच कुचकामी आहे, कारण अंगठ्याला दोन सेकंदांत जे सुखावह वाटते ते पूर्ण शरीराचा भार घेऊन तीन तास टिकेल, याची काहीही शाश्वती नसते.

बसलेल्या अवस्थेत धडाचा बहुतेक भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम या हाडांखाली पुरता दबून जातो आणि एकदा तो तळाला टेकला की हाडे जवळजवळ सीटच्या प्लॅस्टिकच्या पाट्यावरच येऊन बसतात; शिवाय आजूबाजूचा न दबलेला फोम मांड्यांना आणि मधल्या नाजूक भागाला खालून रेटत राहतो. एकाच जागी दाब टिकून राहिला की तिथला रक्तप्रवाह मंदावतो, मुंग्या येतात आणि शेवटी तो भाग बधिर होतो. याउलट घट्ट फोम पहिल्या दहा मिनिटांत कडक, क्वचित तिरसटही वाटतो, परंतु तो भार पेलून धरतो आणि पुढचे कित्येक तास आपला आकार सोडत नाही. येथे कडकपणा आणि घनता यांची गल्लत होऊ नये: कडकपणावरून फोम किती दबेल हे कळते, तर घनता चांगली असेल तर तो वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही सहसा बसका होत नाही.

तरीही फोमपेक्षा मी आकाराला अधिक महत्त्व देतो. ज्या ठिकाणी ही दोन हाडे टेकतात तेथे सीट रुंद आणि जवळजवळ सपाट असली पाहिजे, आणि पुढे टाकीकडे जाताना ती निमुळती झाली पाहिजे. आपल्याला किती रुंदी लागते हे घरीच पाहता येते. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, त्यावर पाय किंचित उचलून मिनिटभर बसावे आणि उठल्यावर पुठ्ठ्यावर उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे. सायकलच्या सीटसाठी ही युक्ती सर्रास वापरली जाते; मोटरसायकलवाले मात्र तिच्याकडे का पाहत नाहीत, हे मला उमगलेले नाही. सीट बदलताना तिचा सपाट भाग या अंतरापेक्षा पुरेसा रुंद आहे ना, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

दुसरी गोष्ट उताराची. अनेक मूळ सीटांना पुढच्या बाजूला उतार असतो, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला चालक टाकीकडे घसरतो, पुन्हा मागे सरकतो आणि या सरकण्यात मनगटे व कंबर दोन्ही शिणतात. हा उतार काढून टाकला तर त्याच फोमची सीट वेगळीच वाटू लागते. मात्र तसे करताना सीटची उंची वाढली की गुडघ्यांना मोकळीक मिळते खरी, पण पाय जमिनीला कमी टेकतात आणि हँडलपर्यंतचे अंतरही बदलते. पुढचा भाग रुंद असेल तर पाय फाकतात आणि तीच उंची अधिक भासते.

जेलचे पॅड दाब पसरवतात, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ते चांगलेच तापतात. हवेच्या कप्प्यांची गादी उपयोगी ठरते, परंतु ती टम्म फुगवली की चालक तिच्यावर डुलू लागतो. हाडे तळाला टेकणार नाहीत इतपतच हवा तिच्यात असावी.

सीटकडून शॉकअब्सॉर्बरच्या कामाची अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे आहे. मागच्या चाकाला सस्पेन्शनच नव्हते त्या काळी सीटखाली स्प्रिंगा असत, कारण खड्ड्याचा धक्का झेलायला टायरखेरीज दुसरे काही नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरून त्याच्यासोबत वर-खाली हलणारा दांडा, रुळू लागला, १९४९ ची रॉयल एनफिल्ड बुलेट त्याच्यासह बाजारात आली, आणि धक्का झेलण्याची जबाबदारी हळूहळू सीटकडून सस्पेन्शनकडे गेली. आजची सीट इंजिनाची बारीक थरथर कमी करू शकते, पण टायरमध्ये हवा जास्त असेल किंवा मागची स्प्रिंग आपल्या वजनाच्या मानाने फार ताठ लावलेली असेल, तर कितीही उत्तम सीट पाठीला वाचवू शकत नाही. म्हणून या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. त्यांना फारसा खर्चही येत नाही. क्रूझर प्रकारच्या मोटरसायकलवर पाय पुढे ताणलेले असल्याने भार माकडहाडाकडे सरकतो, तेथे सीटला मागून थोडा आधार लागतो.

नवी सीट बसवताना तिची पुढची जीभ टाकीखालच्या खाचेत नीट अडकली आहे का, खालचे रबरी ठोकळे चौकटीवर सर्व बाजूंनी सारखे टेकले आहेत का आणि कुलूप बसल्यावर सीट हातानेही हलत नाही ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. बसायच्या जागेवर शिवण नसलेले कव्हर घ्यावे, कारण ती टोचते आणि टाक्यांच्या छिद्रांतून पाणी फोममध्ये उतरते. मूळ सीट कापून घेण्यापेक्षा शक्यतो दुसऱ्या पाट्यावर काम करून घ्यावे. नवा आकार मानवला नाही, तर परतीची वाट मोकळी राहते.