ग्रंथालयाचा पैसा दारात येऊ नये म्हणून

पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढले, फार चांगले केले. नागपुरात शंकरनगरच्या सभागृहात प्रकाशन झाले, पाहुण्यांना शाल-श्रीफळ गेले, अध्यक्षांच्या येण्याजाण्याचे बिल आले आणि उरलेल्या प्रती आता दिवाणात गाद्यांखाली सुखात आहेत. इथवर सगळे रीतीप्रमाणे झाले. धोका पुढे आहे. कुणीतरी तुमच्या कानात सांगितले, की ईबुक आणि ऑडिओबुक काढा, परदेशातली ग्रंथालये ती पैसे मोजून घेतात आणि लेखकाला वाटा पोचतो. राजेहो, बातमी खरी आहे, म्हणूनच सावध राहायला हवे. पुस्तकाचे पैसे मिळालेल्या माणसाला आपल्याकडे साहित्यिक मानायला लोक जरा कचरतात. पुढची पथ्ये पाळा. अमेरिकेतले असो की आपल्या महाल भागातले, एकही ग्रंथालय तुमच्या खात्यात दमडी टाकू शकणार नाही.

आधी हा पैसा येतो कुठून ते समजून घ्या, म्हणजे वाट नीट बुजवता येईल. तिकडची सार्वजनिक ग्रंथालये ईबुके बहुतेक ओव्हरड्राइव्हसारख्या पुरवठादाराकडून घेतात. वाचकाला त्याचे दर्शनी रूप लिबी नावाच्या ॲपमध्ये दिसते. हूपला हा आणखी एक पुरवठादार. एकेकट्या लेखकाशी हे लोक सहसा थेट व्यवहार करत नाहीत. मध्ये वितरक लागतो: ड्राफ्ट टू डिजिटल, किंवा कोबो रायटिंग लाइफ. प्रत्येक वितरक आणि त्याच्यापुढचे प्रत्येक दुकान मराठी पुस्तक घेतेच असे नाही. स्वीकारल्या जाणाऱ्या भाषांची यादी आधी पाहिली तर तासाभरात उलगडा होईल. तेव्हा ती पाहू नका. आधी वर्षभर पुस्तक तयार करा, मग नकार घ्या.

पैसे द्यायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिली, एक प्रत एक वाचक. ग्रंथालय एक प्रत घेते; ती एका वेळी एकालाच मिळते, बाकीचे रांगेत. दुसरी, दर उचलीमागे पैसे. ग्रंथालय आधी काहीच मोजत नाही. वाचकाने पुस्तक नेले की तेवढ्यापुरते बिल लागते. ड्राफ्ट टू डिजिटलच्या वाटेने ओव्हरड्राइव्हवर गेलात, तर ग्रंथालय-किंमत १० डॉलर धरून एका प्रतीमागे साडेचार डॉलरच्या थोडे वर हाती येतात. दर उचलीच्या पद्धतीत ग्रंथालयाला किमतीचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १ डॉलर पडतो आणि त्यातले निम्म्याच्या जरा आत तुमचे. दहा वाचकांनी पुस्तक नेले की एका प्रतीएवढे पैसे झाले, पुढचे वरकड. शिवाय अनोळखी लेखकासाठी ग्रंथपालाला खिशात हात घालावा लागत नाही. कुणी नेलेच नाही तर त्याचे काही गेले नाही. तुमच्यासारख्या नवख्याला सगळ्यात सोयीची पद्धत ही दुसरीच. अर्थात ती बंद ठेवा. पुस्तक काय सायकल आहे तासावर भाड्याने द्यायला?

किमतीच्या रकान्यात मन लावून चूक करावी. दुकानाची किंमत आणि ग्रंथालयाची किंमत असे दोन वेगळे रकाने असतात. मोठे परदेशी प्रकाशक चालत्या कादंबरीच्या ईबुकसाठी ग्रंथालयाकडून ५०-६० डॉलर घेतात आणि वर परवाना दोन वर्षांत संपवतात. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये २६ उचलींनंतर प्रत बाद होण्याचा नियम आणला, तेव्हा तिकडच्या ग्रंथपालांनी बराच गहजब केला होता. स्वतः काढलेल्या पुस्तकाची प्रत मात्र सहसा एकदा घेतली की कायमची. १० डॉलरला कायमची प्रत, हा तुमचा हुकमाचा पत्ता. तो ग्रंथपालाला दिसू नये म्हणून दोन उपाय आहेत. एक, मोठ्या प्रकाशकाच्या तोऱ्यात ५५ डॉलर लावा. दोन, ज्ञानदान म्हणून ९९ सेंट लावा. मग दर उचलीमागे तुम्हाला चार-पाच सेंट मिळतील आणि ते बँकेच्या परकीय चलनाच्या शुल्काखाली सापडणारही नाहीत.

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे ॲमेझॉन किंडलच्या केडीपी सिलेक्ट या ‘फक्त आमच्याकडेच’ योजनेवर टिचकी मारणे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे तर त्यात शिरावे लागते, नाहीतर ३५ टक्के. शिरलात की ९० दिवस ईबुक दुसऱ्या कुठल्याही दुकानात ठेवायचे नाही, आणि मुदत संपली की खूण काढेपर्यंत ती आपोआप वाढत राहते. ग्रंथालयांबद्दल त्या करारात काय लिहिले आहे ते वाचायच्या भानगडीत पडू नका. सवलत असली, तरी ती तुम्हाला कळता कामा नये.

अमेरिकी कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म येईल. त्यात पॅन क्रमांक भरून भारत-अमेरिका कराराचा रकाना बरोबर लिहिला, तर मानधनावरची तिकडची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. हा फॉर्म संध्याकाळी घाईत भरावा.

आता फाइल. इथे नागपूरच्या लेखकाला निसर्गतःच अनुकूल परिस्थिती आहे. तुमचे पुस्तक डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड या सार्वत्रिक अक्षरसंकेतात नसलेल्या फॉन्टमध्ये लावले असण्याची दाट शक्यता आहे. अशा फाइलमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर एकही नसते. असतात इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्केचिन्हे, ज्यांच्यावर फॉन्टने मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. ती तशीच ईपबमध्ये, म्हणजे ईबुकच्या फाइलीत, ओतली की वाचकाच्या फोनवर मुखवटा गळून पडतो. कुणी शहाणा म्हणेल, कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. घ्या की! फक्त नंतर वाचू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने टाइप केलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षर आणि काना झाल्यावर. कन्व्हर्टर कच्चा असला की ‘वर्धा’चे ‘वधार्’ होते आणि ‘किल्ला’ची वेलांटी आधीच्या शब्दाला लोंबकळते. दोनशे पानांत अशा जागा शेकड्यांनी निघतात. रफार, पहिली वेलांटी आणि ‘दुसऱ्या’मधला र, एवढ्या तीनच गोष्टी शोधत ओळीवर बोट ठेवून वाचले, तर त्यातल्या बहुतेक सापडतात. हे काम आठवड्याभराचे आहे. आठवडाभरात एक कवी संमेलन होते, निवड तुमची.

पीडीएफ पाठवणे त्याहून बरे. फोनवर ते पान बोटाने ताणून, डावीउजवीकडे सरकवून वाचावे लागते. वाचक तिसऱ्या पानावर परत करतो. नीट ईपब करायचेच ठरले, तर मुक्तासारखा मोफत परवान्याचा फॉन्ट आत घालावा लागतो, भाषेच्या जागी मराठीचा संकेत ‘एमआर’ लिहावा लागतो आणि ईपबचेक नावाच्या मोफत साधनातून फाइल तपासावी लागते. भाषेच्या जागी इंग्रजी राहू दिलेत, की ग्रंथालयाच्या मराठी कप्प्यात तुमचे पुस्तक सापडत नाही. नावाचेही तसेच. तिकडे शोध बहुधा रोमन लिपीत घेतात. छापील पुस्तकावर ‘वासुदेव’ व्हीने, ईबुकवर डब्ल्यूने आणि ऑडिओबुकवर नुसती आद्याक्षरे ठेवा. एका लेखकाचे तीन लेखक होतील आणि तिघांचेही काही खपणार नाही. आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो, आणि छापील, ईबुक, ऑडिओ यांना वेगवेगळा घ्यायचा असतो. फुकट असला म्हणून काय झाले, एकातच तिन्ही भागवा.

ऑडिओबुक मात्र मेमध्येच रेकॉर्ड करावे. निकष सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखे: आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या वर नाही आणि कुणी बोलत नसताना खोलीची शांतता उणे ६० च्या खाली. एमपी३, १९२ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ, एक प्रकरण एक फाइल, कोणतीही फाइल १२० मिनिटांच्या वर नाही, सुरुवातीचे आणि शेवटचे श्रेयवाचन वेगळ्या फाइलींत. यातला उणे ६० चा आकडा आणि नागपूरचा कूलर एका खोलीत राहू शकत नाहीत. पंख्याची घरघर, पंपाची गुरगुर, वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणारे पाणी हे सगळे माइक इमानदारीने टिपतो. कूलर बंद करावा तर ४५ अंशांत वाचणारा दुसऱ्या पानावर घामाघूम, आणि त्याचा दम लागलेला आवाज प्रकरण संपेपर्यंत चढत जातो. मग सॉफ्टवेअरने घरघर पुसायची. जोर जास्त लावला की निवेदक विहिरीतून बोलतो आहे असे वाटते आणि तपासणीत फाइल परत येते. काही चतुर लोक डिसेंबर-जानेवारीत पहाटे चारला, कपड्यांच्या कपाटाशेजारी गोधड्या टांगून, पंखा बंद करून वाचतात आणि खोलीची अर्धा मिनिट नुसती शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवतात, म्हणजे पुढे कापलेल्या जागा भरता येतात. त्यांच्या नादी लागू नका.

निवेदकाशी कागद करू नका. तो नाटकातला मित्र आहे, ‘देऊ रे काहीतरी’ पुरे. ग्रंथालयाच्या वाटेवर ध्वनिहक्क कुणाचे हे जाहीर करावे लागते, त्या दिवशी मैत्रीची परीक्षा होईल. निवेदनामागे एखाद्या गाजलेल्या चित्रपटगीताची धून टाकलीत तर परीक्षेचीही गरज नाही.

आता कुणी भाबडेपणाने विचारेल, की इतक्या लांब कशाला जायचे, गल्लीतल्या वाचनालयालाच ईबुक विकू. विचारू द्या. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अकरा-बारा हजार वाचनालये आहेत, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० होते, ते २०२२ मध्ये ६० टक्क्यांनी वाढून ४८,००० झाले. वर्षाचे, बरं का. त्यातले निम्मे पगाराला. उरलेल्या २४,००० मध्ये वर्तमानपत्रे, वीज, कपाट, झाडू आणि पुस्तके. यातून ईबुकच्या मंचाचे दरसालचे भाडे कोणी भरेल असे वाटत असेल, तर तुम्ही कादंबरीच लिहावी, वैचारिक लेखनाच्या वाटेला जाऊ नये.

आणि समजा भरलेच. ग्रंथपाल बिचारा ते पुस्तक दाखल नोंदवहीत कसे घेणार? बिलावर दाखल क्रमांक टाकायचा, शीर्षकपानावर शिक्का मारायचा, आतल्या ठरलेल्या गुप्त पानावर दुसरा शिक्का मारायचा. ईबुकमध्ये वाचकाने अक्षर मोठे केले, की गुप्त पान तिसरीकडे पळते. ग्रंथपडताळणीला आलेल्या साहेबांपुढे काय ठेवायचे, फोन? त्यात ते पुस्तक म्हणजे वस्तूच नाही, नुसता वापरायचा परवाना. वस्तू नाही तर किंमत कसली, हा प्रश्न तपासनीस विचारणार आणि त्याचे काही चुकले म्हणता येणार नाही, कारण त्याच्या हातातला तक्ता कागदाच्या काळातला आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ईबुकची छापील आवृत्ती असली तर ५ टक्के, नसली तर १८. एकाच मजकुराचे तीन दर हे समितीच्या बैठकीत चहा येईपर्यंत समजावून दाखवा.

वाचनालयातून पुस्तक नेले की लेखकाला सरकारने काही द्यावे, असली सवय काही देशांना लागली आहे. डेन्मार्कने १९४६ मध्ये सुरू केले, ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा केला आणि २०१८ पासून घरबसल्या नेलेली ईबुके व ऑडिओबुकेही त्यात धरली. तिथे लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड मिळतात. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे वाचक भेटला की ‘तुमचे पुस्तक आमच्या वाचनालयात आहे, नेहमी बाहेर गेलेले असते’ असे सांगतो, आणि त्यात सगळे आले.

एवढे करूनही एक छिद्र उरते, ते म्हणजे न्यू जर्सीतला तुमचा पुतण्या. तिकडच्या ग्रंथालयाचे कार्ड त्याच्याकडे असणार. लिबीत पुस्तक शोधून, ते ग्रंथालयाकडे नसल्यास ‘आल्यावर कळवा’ अशी खूण त्याने लावली, की मागणी तिकडच्या ग्रंथपालाच्या पडद्यावर दिसते. एकाच ग्रंथालयाच्या चार-पाच मराठी कार्डधारकांनी ती लावली, तर खरेदीचा विचार सुरू होतो. अनोळखी लेखकासाठी याहून मोठी शिफारस नाही. म्हणून पुतण्याचा फोन येऊन ‘काका, तुमचं पुस्तक इथं कसं वाचायला मिळेल?’ असे त्याने विचारताच, त्याचे वाक्य पुरे होण्याआधी अख्खी पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाका. खाली प्रेमाने लिहा: ‘फक्त तुझ्यासाठी हं बेटा, पुढे कोणाले पाठवू नको.’ रात्रीपर्यंत ती तिकडच्या मंडळाच्या ग्रुपवर पोचलेली असेल.