कन्सोलचं लायसन? कुणाचं, आणि पैसे कसले?

एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपा-ग्रुपांवर फिरतोय. कॉलेजच्या ग्रुपवर आला, तालमीच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होतो. मग बहिणीने पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, भरू का पैसे? सवलत परवापर्यंतच हाय म्हणं." भाच्याने डिप्लोमा केलाय, युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात (सॉफ्टवेअरमध्ये) दोन छोटे गेम अर्धवट करून ठेवलेत, आणि ह्या बाईने भिशीचे पैसे वेगळे काढलेत. आता गप्प बसणं परवडत नाही.

मेसेज राजारामपुरीतल्या एका क्लासचा, कन्सोलवर म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनवर गेम विकण्याबद्दल. थोडक्यात असा: "जगात भारी कोल्हापुरी, आता गेमिंगमध्येपण! घरबसल्या गेम बनवा, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निंटेंडोवर विका. १) घरातला कन्सोल हाच डेव्हलपमेंट किट. २) या कंपन्या भारतातल्या एकट्यादुकट्याला उभं करत नाहीत, लायसन अधिकृत पार्टनरमार्फतच मिळतं. फी १,२०,०००, आमच्याकडे ८५,०००. ३) थेट गेलात तर कंपनी ७० टक्के कापते, आमच्यामार्फत फक्त ३०. ४) टेस्टिंग ही औपचारिकता, तीन महिन्यांत गेम बाजारात. ५) स्टारड्यू व्हॅली एकट्या पोराने बनवला, आज अब्जाधीश आहे."

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण भिशीचे पैसे तिथंच बुडणार आहेत.

ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने आयडी ॲट एक्सबॉक्स नावाची योजना जाहीर केली. छोट्या, स्वतंत्र डेव्हलपरांनी मध्ये कुणी पब्लिशर न घेता एक्सबॉक्स वनवर स्वतःचा गेम स्वतः प्रकाशित करावा, एवढ्यासाठीच ती योजना. अर्जाला फी नाही, सर्टिफिकेशनला (गेमच्या तपासणीला) फी नाही, नंतरच्या अपडेटला फी नाही. उलट निवडलेल्या डेव्हलपरला दोन डेव्हलपमेंट किट, म्हणजे बनत असलेला गेम चालवून बघायची खास मशीनं, फुकट द्यायचं त्यांनी तेव्हाच सांगितलं. ही कंपनीची स्वतःची जाहीर घोषणा आहे, माझी ऐकीव गोष्ट नाही. सोनीची प्लेस्टेशन पार्टनर्स ही साइट आणि निंटेंडोचं डेव्हलपर पोर्टल, दोन्हीकडे नोंदणी फुकट. पुढे एखाद्या कंपनीच्या किटला पैसे पडले तरी ते मंजुरी मिळाल्यावर, आणि त्या कंपनीला. राजारामपुरीत क्लास चालवणाऱ्याला नव्हे.

बहिणीकडून त्यांचं माहितीपत्रक मागवून घेतलं. त्यात ८५,००० ची फोड दिलीय: लायसन, सबमिशन आणि "आंतरराष्ट्रीय वयोगट प्रमाणपत्र". हे प्रमाणपत्र म्हणजे आयएआरसी या गेमला वयोगट ठरवून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रश्नावली. गेममध्ये रक्त आहे का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, याची उत्तरं भरायची आणि रेटिंग घ्यायचं. डिजिटल गेमसाठी डेव्हलपरला याचा एक पैसा पडत नाही. फुकटच्या फॉर्मला पैसे घ्यायची ही रीत आपल्याला नवी नाही म्हणा. उद्यम नोंदणी सरकार मोफत करून देतं, तरी त्याचे पैसे घेणारे एजंट गावोगावी बसलेत.

पण खरी मेख माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आहे: "गेम संस्थेच्या पार्टनर अकाउंटवरून प्रकाशित होईल." हे वाक्य दोनदा वाचा. ज्याचं अकाउंट, त्याच्याशी कंपनीचा करार. स्टोअरवर पब्लिशर म्हणून त्याचं नाव. विक्रीचे पैसे त्याच्या बँकेत. अपडेट टाकायचा की नाही, किंमत किती ठेवायची, गेम काढून टाकायचा का, सगळं त्याच्या हातात. उद्या क्लासला कुलूप लागलं तर पोराने रात्री जागून केलेला गेम कुणाच्या नावावर राहिला? म्हणजे ८५,००० भरून लायसन मिळत नाहीच, वर हातातला गेमही जातो.

पब्लिशर घेणं वाईट असं मी म्हणत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' बघा. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी टीम टिकली. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला तो सगळ्यांत आधी निंटेंडो स्विचवर. तो कन्सोल तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलाही जात नव्हता! त्यानंतर पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन. त्यांनी पब्लिशर घेतला होता, पण खरा पब्लिशर गेमवर स्वतःचे पैसे लावतो आणि विक्रीतून वसूल करतो. तुमच्या आईच्या भिशीवर डोळा ठेवत नाही.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. "पार्टनरशिवाय दार उघडत नाही" हे एके काळी बऱ्यापैकी खरं होतं. एक्सबॉक्स ३६० च्या लाइव्ह आर्केड या ऑनलाइन स्टोअरवर गेम आणायला पब्लिशर लागायचा. निंटेंडो तर घरातून काम करणाऱ्यांना घेतच नव्हती, वेगळं ऑफिस दाखवावं लागायचं. २०१२ मध्ये 'फेझ' या गेमच्या टीमने दुसरा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) काढायचंच नाकारलं, कारण पुन्हा तपासणीसाठी हजारो डॉलर भरावे लागणार होते. पण हे सगळं २०१३ च्या सुमारास बदललं. मेसेज लिहिणाऱ्याने कुठला तरी जुना लेख वाचलाय, किंवा नवा वाचून मुद्दाम विसरलाय. आणि कंपनी आजही नाही म्हणू शकते, हेही खरं. गेम बघतात, तुम्ही कोण ते बघतात, मग ठरवतात. पण तिथं मंजुरीची हमी कुठलाही मधला माणूस देऊ शकत नाही, पैसे घेऊन तर नाहीच.

पहिला मुद्दा. दुकानातून आणलेल्या पीएस५ वर तुम्ही केलेला बिल्ड, म्हणजे चालवायला तयार केलेला गेम, चालत नाही, त्याला वेगळं किट लागतं. एक्सबॉक्सचं थोडं वेगळं आहे. २०१६ पासून दुकानातला एक्सबॉक्स वनसुद्धा डेव्हलपर मोडमध्ये नेता येतो. शिकायला उत्तम. पण तिथं मशीनची पूर्ण ताकद मिळत नाही, आणि मोड चालू झाला म्हणजे विक्रीचा परवाना मिळाला असंही नाही. त्या क्लासमध्ये म्हणे "एसडीके पेनड्राइव्हवर देतो" असंही सांगतात. एसडीके म्हणजे त्या कन्सोलसाठी गेम बनवायचं कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि सोनी-निंटेंडोचं ते गुप्ततेच्या कराराखाली मिळतं. पेनड्राइव्हवर वाटणारा करार मोडतोय, आणि घेणारा पोरगा त्यात फुकट अडकतोय.

तिसऱ्यावर हसावं की रडावं कळेना. २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी शपथेवर साक्ष दिली. एक्सबॉक्सच्या स्टोअरवर कंपनी ३० टक्के घेते, असं त्यांनी सांगितलं. या धंद्यातला रूढ दर तोच. म्हणजे "आमच्यामार्फत फक्त ३०" ही सवलत नाही, मुळातला दर आहे. ह्यांचा वाटा तुमच्या उरलेल्या ७० मधून जाणार, आणि तो किती ते माहितीपत्रकात कुठंच लिहिलेलं नाही.

टेस्टिंग औपचारिकता? उद्यमनगरात एखाद्या मशीनशॉपवाल्याला जाऊन विचारा, गिऱ्हाइकाचा क्वालिटीवाला गेज लावतो तेव्हा "औपचारिकता आहे, पास करा साहेब" म्हणून चालतं का. इथंही तसंच. निंटेंडोकडे लॉटचेक, सोनीकडे टीआरसी, मायक्रोसॉफ्टकडे एक्सआर, प्रत्येकाची अटींची यादी. खेळताना कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबतो का? सेव्ह होताना जागा भरली तर काय होतं? कन्सोल झोपवून उठवला तर गेम जिथल्या तिथं येतो का? एक चुकलं की परत. माझ्या अनुभवात गेम पुरा झाला असं वाटल्यानंतरचं काम हेच, आणि ते कुणी मोजलेलंच नसतं.

शिवाय भाचा युनिटीच्या फुकटच्या पर्सनल लायसनवर काम करतो. त्यातून कन्सोलचा बिल्ड निघत नाही. प्रो विकत घ्यावं लागतं, किंवा कन्सोल कंपनीने मंजूर केल्यावर तिच्याकडून युनिटीची लायसन-की मिळवावी लागते. गोडो इंजिन फुकट आहे, पण त्याच्या मूळ आवृत्तीतही कन्सोल नाहीत, तेही त्याच गुप्ततेच्या करारांमुळे. ह्यातलं एक अक्षर मेसेजमध्ये नाही.

स्टारड्यू व्हॅलीचं काय सांगायचं? एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवला, हे खरं. पण चार वर्षांहून जास्त काळ, थिएटरात लोकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करत. आला तोही आधी पीसीवर, फेब्रुवारी २०१६ मध्ये. कन्सोलवर त्याच वर्षाच्या डिसेंबरात. तीन महिने कुठून काढले देव जाणे.

भाच्याला एवढंच सांगितलंय: दोन अर्धवट गेमपैकी एक पुरा कर आणि पीसीवर टाक. इच डॉट आयओ या साइटवर गेम चढवायला पैसे लागत नाहीत. स्टीम या पीसी गेमच्या स्टोअरला १०० डॉलर लागतात, आणि त्या गेमची कमाई १,००० डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळतात. ते पैसे थेट स्टीमला जातात आणि अकाउंट त्याच्या स्वतःच्या नावावर राहतं. मग लोक खेळतायत असा गेम दाखवून आयडी ॲट एक्सबॉक्सला स्वतः अर्ज करायचा. फॉर्म इंग्रजीत आहे, तेवढा मी बसून भरून देईन.