समास सोडावा

परवा फायलिंगच्या खिडकीतून माझा दावा तिसऱ्यांदा परत आला. पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा: 'समास सोडावा. पान नं. नाहीत.' बावीस वर्षं हाच शेरा मी पोरांच्या वह्यांवर मारत आलो. शाईसुद्धा तीच.

मी खिडकीशी हुज्जत घालायच्या बेतात, तोच मागून एक काठी माझ्या बुटावर टेकली. "साहेब, वकालतनाम्यावर वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट राहिलंय."

वळून पाहिलं तर सत्तरीचे आजोबा. काखेत दप्तर, खरंखुरं, फडक्यात बांधलेलं. बांधाच्या भांडणात अठरा वर्षं तारखा घेतायत.

"आणि पक्षकाराची सही हाय, तुमची कुठंय? तुम्ही वकीलपत्र घेतलं हे कोर्टाला कळायचं कसं?"

मी सही केली.

"तिथं न्हाई. खाली."

खाली केली.

"नवीन का?"

"हो."

"केस तर पिकलेत."

"आधी शिक्षक होतो."

"तरीच! मघापासून सगळ्या रांगेला ऐकू येतंय."

ह्यांना काय सांगणार? पगारी पूर्णवेळ नोकराला वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम 49. कायदा शिकवणाऱ्याला दिवसाला 3 तासांपर्यंत शिकवून वकिलीही करायची मुभा आहे. मी भूगोल शिकवायचो. मान्सूनला मुभा नाही. दिला राजीनामा, काढली सनद. मग बारची परीक्षा, तीही बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं मूळ पुस्तक, समोर उघडून! ज्यानं पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या उपसल्या, तो भर परीक्षेत पुस्तक चाळतोय आणि पर्यवेक्षक ढिम्म. पर्यवेक्षक जवळून गेला की माझा हात आपोआप पुस्तकावर जायचा, झाकायला.

गेल्या आठवड्यात सरतपासणीत स्वतःच्या साक्षीदाराला विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही घरीच होता, बरोबर?" समोरचे वकील ताडकन उठले. सूचक प्रश्न! म्हणजे उत्तर प्रश्नातच; आपल्या साक्षीदाराला तसं विचारायचं नाही. अहो, वर्गात मी दुसरं काय विचारत होतो?

पण तो खिडकीतला कारकून. पहिल्या दिवशी म्हणाला, प्रतिज्ञापत्र नाही. दुसऱ्या दिवशी, कागदांची यादी नाही. आता समास. एकदम सगळं सांगायला जीभ झिजते? मी तरी वहीतल्या सगळ्या चुका एका दमात दाखवायचो. पोराला तीन खेटे घालायला लावले असते तर दुसऱ्या दिवशी त्याचा बाप दारात असता.

"तुमचा वकील कुठाय?" मी आजोबांना जरा चिडूनच विचारलं.

"हाय की, बाहेर. त्याला कशाला रांगेत उभा करू, घोटाळा करंल. तुमच्यागतच नवा हाय."

शेवटी जिन्याच्या पायरीवर बसून चौसष्ट पानांना पेन्सिलीनं आकडे घालायला लागलो. अंगात काळा कोट, गळ्यात बँड. माझे जुने विद्यार्थी तिथून जाऊ नयेत एवढीच प्रार्थना. आजोबा काठीवर हनुवटी टेकवून वरून बघत होते.

"अक्षर झ्याक हाय," ते म्हणाले. मला बरं वाटलं.

"पण सत्तेचाळीस दोनदा आलं."